जुने सिनेमे पुन्हा पाहताना: ऐंशीच्या दशकातले आणि नव्वदच्या सुरुवातीचे कल्ट व विसरलेले चित्रपट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुना सिनेमा पुन्हा पाहायला घेतला की आधी शोधाशोध, मग 'यातली खरी आवृत्ती कोणती' हा गोंधळ, आणि पाहून झाल्यावर 'तेव्हा हा आपटला कसा' हे आश्चर्य, असा क्रम ठरलेला असतो. त्यातून पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

कोणता काळ धरायचा?

साधारण 1980 ते 1994. एका टोकाला मायकेल चिमिनोचा 'हेवन्स गेट', दुसऱ्या टोकाला राजकुमार संतोषीचा 'अंदाज अपना अपना'. दोन्ही तिकीटबारीवर झोपले, दोन्ही पुढे वर आले. 1994 ला 'नव्वदची सुरुवात' म्हणणं जरा ओढूनताणून आहे, पण 'अंदाज अपना अपना' बाहेर ठेवायची माझी तयारी नाही. शिवाय हा सगळा काळ व्हिडिओ कॅसेटचा आहे. व्हीएचएस 1976 मध्ये आली आणि डीव्हीडी 1996 मध्ये. मधल्या वर्षांत चित्रपटगृहातून उतरलेल्या सिनेमाला पहिल्यांदाच घरात दुसरी संधी मिळू लागली.

आपटलेला प्रत्येक सिनेमा कल्ट असतो का?

नाही. बहुतेक आपटलेले सिनेमे आपटण्याच्याच लायकीचे असतात.

कल्ट व्हायला पुन्हा पुन्हा पाहणारे लोक लागतात, मग ते मूठभर का असेनात. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळांना तेच ते प्रेक्षक दर आठवड्याला येत. ऐंशीच्या दशकात हे काम कॅसेटने केलं. भाड्याने आणलेली कॅसेट परत करण्याआधी दोनदा पाहायची, आवडलेला प्रसंग रिवाइंड करून तिसऱ्यांदा, आणि मग मित्रांना संवाद ऐकवून भंडावून सोडायचं. 'अशी ही बनवाबनवी' (1988) मात्र मी कल्टमध्ये धरत नाही. तो पहिल्यापासून सगळ्यांचाच होता. कल्ट सिनेमाच्या चाहत्याला 'हा फक्त आपल्यालाच कळला' असा थोडा माज असावा लागतो.

मग 'विसरलेला' सिनेमा कोणता?

ज्याची प्रत कुणाच्या हाती लागत नाही तो. 'चांगलं असेल ते टिकतंच' असं आपण सहज म्हणून टाकतो, पण सिनेमाच्या बाबतीत ते खरं नाही. टिकतं ते ज्याची निगेटिव्ह शाबूत आहे, ज्याचे हक्क एका हातात आहेत आणि ज्याची एखादी बरी प्रत कुणाच्या तरी कपाटात आहे.

कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' घ्या. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून झाला, 1988 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि भारतात चित्रपटगृहात लागलाच नाही. पुढची पंचवीसेक वर्षं तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेल्या, रंग उडालेल्या प्रतींमधून फिरत राहिला. सिनेमा शिकणाऱ्या पोरांनी तो असाच पाहिला. जानेवारी 2014 मध्ये, दुरुस्त केलेल्या प्रतीवरून, तो रीतसर प्रदर्शित झाला. त्या खराब कॅसेटी नसत्या तर 2014 मध्ये तो लावावा असं कुणाला सुचलं असतं?

इतके चांगले सिनेमे तेव्हा आपटले कसे?

कारणं वेगवेगळी असतात, पण 'प्रेक्षकांना कळला नाही' हे त्यातलं सर्वांत आळशी कारण.

कधी नुसती तारीख नडते. 25 जून 1982 या एकाच शुक्रवारी अमेरिकेत रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' आणि जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' प्रदर्शित झाले. त्याआधी दोनच आठवडे, 11 जूनला, स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता. परग्रहावरून आलेला जीव गोड असतो, त्याला घरी पोचवायचं असतं, हे घराघरात ठरून गेलं होतं. अशात कुत्र्याची कातडी फाडून बाहेर येणारा परग्रहवासी कुणाला हवा होता? समीक्षकांनी 'द थिंग'ला किळसवाणा म्हणून झोडपलं. एन्नियो मोरिकोनेच्या संगीताला तर वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताच्या 'रॅझी'साठी नामांकन मिळालं. आज त्या दोन सुरांच्या ठोक्याने चाहत्यांच्या अंगावर काटा येतो.

कधी नट नडतो, म्हणजे त्याची लोकांच्या मनातली प्रतिमा. 'एक होता विदूषक' (1992) ची नावं बघा: दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोर, संगीत आनंद मोडक, आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारण्यांच्या हातातलं बाहुलं होतो, आणि या सगळ्यात त्याचं हसवणं हरवतं. बेर्डे म्हटलं की पोट धरून हसायचं अशी लोकांची खूणगाठ पक्की होती. हा सिनेमा पाहताना हसू अर्ध्यातच अडकतं. प्रेक्षक आले नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तरी बेर्डे यांचं नाव काढल्यावर आजही दहा विनोदी सिनेमे आधी आठवतात. त्यांचं सर्वांत चांगलं काम यातच आहे, असं मी म्हणेन.

आणि कधी मागून येणारा सिनेमा आधीच्याला पुसून टाकतो. हॅनिबल लेक्टर, म्हणजे माणसं खाणारा तो खुनी मानसोपचारतज्ज्ञ, पडद्यावर पहिल्यांदा आला तो 1986 च्या 'मॅनहंटर'मध्ये. दिग्दर्शक मायकेल मान, आणि लेक्टरच्या भूमिकेत ब्रायन कॉक्स. सिनेमा फारसा चालला नाही. पाच वर्षांनी 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' आला, अँथनी हॉपकिन्सला ऑस्कर मिळालं आणि पहिला लेक्टर प्रश्नमंजूषेतला प्रश्न होऊन बसला. कॉक्सचा लेक्टर पांढऱ्याशुभ्र कोठडीत बसून बँकेतल्या कारकुनासारखा शांतपणे बोलतो, डोळे वटारत नाही. मला तोच जास्त भीतिदायक वाटतो.

एकाच सिनेमाच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात. कोणती पाहावी?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

'ब्लेड रनर' 1982 मध्ये आला तेव्हा त्यात नायकाच्या आवाजातलं निवेदन होतं आणि शेवटी हिरव्यागार डोंगरांतून सुखाने निघून जाणारं जोडपं. दोन्ही गोष्टी पैसे लावणाऱ्यांच्या आग्रहाने घातलेल्या. त्या डोंगरांची हवाई दृश्यं तर स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी घेतलेल्या आणि न वापरलेल्या फिल्ममधली. पुढे 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात त्याची संपादन पूर्ण न झालेली कच्ची प्रत चुकून लागली. लोकांना ती मूळ सिनेमापेक्षा आवडली. त्यातून 1992 मध्ये 'डायरेक्टर्स कट' आला, निवेदन आणि गोड शेवट गेला, युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) स्वप्न आलं. त्यावरही स्कॉटची पूर्ण देखरेख नव्हती. ती 2007 च्या 'फायनल कट'वर होती. पहिल्यांदा पाहणाऱ्याने हाच पाहावा. निवेदनवाली आवृत्ती नंतर गंमत म्हणून पाहा, हॅरिसन फोर्ड ती वाक्यं जांभई दाबत वाचतोय असं वाटतं.

टेरी गिलियमच्या 'ब्राझील' (1985) चं भांडण याहून रंगलेलं. युनिव्हर्सल स्टुडिओला शेवट सुखाचा हवा होता आणि लांबी कमी. गिलियमने 'व्हरायटी' या चित्रपट व्यवसायाच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओच्या प्रमुखाला नाव घेऊन विचारलं की माझा सिनेमा कधी प्रदर्शित करणार. दुसरीकडे समीक्षकांना गुपचूप खेळ दाखवले. सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित व्हायच्या आतच लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवून टाकलं आणि स्टुडिओचा नाइलाज झाला. 142 मिनिटांची आवृत्ती पाहा. स्टुडिओने कापलेली 94 मिनिटांची आवृत्तीही उपलब्ध आहे. तेच चित्रण, तेच नट, आणि अर्थ पार उलटा. संपादनाचा धडा म्हणून तिला तोड नाही.

आंद्रे झुवाव्स्कीच्या 'पझेशन' (1981) ची कथा अशीच. त्यातल्या भूमिकेसाठी इझाबेल अजानीला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता. दोन तासांहून मोठा हा सिनेमा अमेरिकेत 81 मिनिटांचा करून भयपट म्हणून विकला. ज्यांनी तेवढाच पाहिला त्यांनी तो टाकाऊ ठरवला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

'दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणजे चांगली' हा नियम मात्र मानू नका. काही दिग्दर्शकांना कात्री लावणारा कुणीतरी हवाच असतो. 'हेवन्स गेट' 219 मिनिटांचा होता. आठवड्याभरात उतरवला आणि 149 मिनिटांचा करून पुन्हा लावला, तरी वाचला नाही. पुढे 2012 मध्ये व्हेनिस महोत्सवात 216 मिनिटांची दुरुस्त प्रत दाखवली आणि वाहवा झाली. मोठी आवृत्ती निःसंशय जास्त चांगली आहे. पण त्यातली वीस मिनिटं गेली असती तर मी तरी रडलो नसतो.

'क्लू'चा शेवट मित्राला वेगळाच आठवतो. कुणाचं बरोबर?

दोघांचंही. 1985 मध्ये हा सिनेमा तीन वेगवेगळ्या शेवटांसह लावला होता, ज्या चित्रपटगृहात जाल तिथला शेवट तुमचा. लोक तीनदा तिकीट काढतील असा हिशेब होता. कुणी एकदाही फारसं काढलं नाही. घरच्या आवृत्तीत तिन्ही शेवट एकापाठोपाठ आहेत, आणि सिनेमा कल्ट झाला तो त्यामुळेच.

कॅसेटवर पाहिलेला सिनेमा आता वेगळाच का दिसतो?

कारण तेव्हा तुम्ही तो पूर्ण पाहिलाच नव्हता. जुना टीव्ही जवळपास चौकोनी, 4:3 चा. सिनेमास्कोपचा पडदा उंचीच्या 2.35 पट रुंद. ते चित्र टीव्हीवर पूर्ण उंचीत भरायचं तर सुमारे 43 टक्के भाग कापावा लागतो. मग कॅसेट बनवणारा तंत्रज्ञ ठरवायचा की आत्ता डावीकडचा माणूस दाखवू की उजवीकडचा. संवादाच्या प्रसंगात एक नट बोलतोय आणि समोर नुसतं कुणाचं तरी नाक, हे अनेकांना आठवत असेल.

कमी रुंदीच्या सिनेमांत उलटंही व्हायचं. चित्रपटगृहात वरखाली झाकलेला भाग कॅसेटवर उघडा पडायचा आणि वरून मायक्रोफोन डोकवायचा. त्याबद्दल दिग्दर्शकाला वेंधळा ठरवू नका.

आवाजाकडेही लक्ष द्या. 'द टर्मिनेटर' (1984) चा मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, होता. नंतरच्या डिस्कसाठी 5.1 (चहूबाजूंच्या स्पीकरांतून येणारा आवाज) मिक्स करताना बंदुकांचे आवाजच बदलले, आणि बरीच वर्षं बहुतेक डिस्कवर तोच होता. मूळ आवाजाचा पर्याय दिसला तर तोच लावा.

रिस्टोअर केलेली प्रत नेहमी चांगली असते का?

मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली असेल तर सहसा हो. पण फिल्मला कण असतात आणि त्या कणांतच चेहऱ्याचे बारकावे असतात. काहींना हे कण म्हणजे घाण वाटते, मग सॉफ्टवेअरने ती घासून काढतात. 'प्रेडेटर'ची 2010 ची ब्लू-रे याचं कुप्रसिद्ध उदाहरण: जंगलात घाम गाळणारे दांडगे सैनिक मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसतात. चेहऱ्यावर छिद्र, सुरकुती, दाढीचे खुंट दिसत नसतील तर दुसरी प्रत शोधा.

जुने इफेक्ट्स आता हास्यास्पद वाटणार नाहीत का?

काही वाटतील. पण 'द थिंग'मधला विजेच्या झटक्याचा प्रसंग लावून पाहा. नॉरिस नावाचा माणूस टेबलावर पडलाय, हृदय बंद. डॉक्टर छातीवर पॅडल दाबतो, झटका देतो. पुन्हा दाबतो आणि छातीच जबड्यासारखी उघडते, डॉक्टरचे हात आत जातात, जबडा मिटतो, हात तुटतात. त्या शॉटसाठी दोन्ही हात नसलेल्या एका माणसाला नटाचा मुखवटा आणि नकली हात चढवले होते. मग मुंडकं धडापासून लांबत लांबत टेबलावरून खाली घरंगळतं, जीभ फेकून स्वतःला ओढत नेतं, त्याला कोळ्याचे पाय फुटतात आणि ते गुपचूप दाराकडे निघतं. हे सगळं कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडलंय, रबर, जेली, रसायनं आणि दोऱ्या वापरून. हे काम सांभाळणारा रॉब बॉटिन तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि इतका राबला की शेवटी त्याला रुग्णालयात भरती करावं लागलं.

अशा प्रसंगात नटांच्या डोळ्यांसमोर खरोखर काहीतरी असतं आणि प्रकाश त्याच्यावर खरोखर पडतो. नव्वदच्या मध्यावरचे पहिलेवहिले संगणकी राक्षस त्यामानाने फार लवकर म्हातारे झाले.

आज खटकणाऱ्या गोष्टींचं काय करायचं?

खटकू द्यायच्या. 'शॉर्ट सर्किट' (1986) मधला यंत्रमानव अजून गोड वाटतो, पण त्यातला भारतीय शास्त्रज्ञ फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या नटाने चेहरा सावळा रंगवून आणि बोलण्याची नक्कल करून साकारलाय. लहानपणी पाहताना 'अरे, आपला माणूस!' म्हणून आनंद झालेले बरेच जण असतील. आता पाहताना तो आनंद आणि ही चीड एकदमच येते. म्हणून सिनेमा जाळून टाकायला नको आणि 'तेव्हाचा काळच तसा होता' म्हणत सावरूनही घ्यायला नको. त्याच वर्षांत चांगलं भान असलेले सिनेमेही बनत होते.

मुलांना दाखवावेत का? अमेरिकन पीजी ('पालकांच्या मार्गदर्शनाखाली चालेल') प्रमाणपत्र असेल तर चालेल ना?

आधी स्वतः पाहा. 1984 च्या उन्हाळ्यापर्यंत तिकडे पीजी-13 (तेरा वर्षांखालच्यांसाठी जास्त खबरदारी) हा वर्गच नव्हता. 'ग्रेमलिन्स' आणि दुसऱ्या 'इंडियाना जोन्स'वरून पालकांनी ओरडा केला तेव्हा तो आला. 'पोल्टरगाइस्ट' (1982) मध्ये एक माणूस आरशासमोर स्वतःच्या चेहऱ्याचे लचके तोडतो, आणि तो सिनेमा पीजी आहे.

काही सिनेमे आजही कुठेच का मिळत नाहीत?

बहुतेकदा गाणी. ऐंशीच्या दशकात गाण्याचे हक्क घेताना चित्रपटगृहापुरतेच घेतले जात. घरबसल्या सिनेमा विकला जाईल हे अनेक करारांत धरलेलंच नव्हतं. 'हेवी मेटल' (1981) हा ॲनिमेशनपट गाण्यांच्या हक्कांमुळे 1996 पर्यंत अधिकृत कॅसेटवर येऊ शकला नाही. बाकी बुडालेल्या निर्मितीसंस्था, वारसांची भांडणं, आणि उकाड्यात ठेवलेली रिळं. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, आणि कुजणं एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त थंडाव्यात लांबवता येतं.

मुद्दाम वाईट सिनेमे पाहण्यात काय मजा?

मुद्दाम वाईट बनवलेल्यात काहीच नाही. मजा असते ती जीव ओतून बनवूनही हुकलेल्यात. 'ट्रोल 2' (1990) मध्ये एकही ट्रोल (युरोपीय लोककथांतला राक्षस) नाही, आहेत ते गॉब्लिन (खट्याळ, कुरूप भुतं), आणि ते माणसांना वनस्पती बनवून खातात कारण ते शाकाहारी आहेत. इटालियन दिग्दर्शक, इटालियन चमू, अमेरिकेतल्या युटामधले बहुतांश हौशी नट, आणि परक्यांनी लिहिलेले इंग्रजी संवाद जसेच्या तसे म्हणायची सक्ती. त्यातल्या बालनटाने मोठा झाल्यावर, 2009 मध्ये, याच सिनेमावर माहितीपट केला. तो आधी पाहू नका.

लहानपणी आवडलेला सिनेमा आता रटाळ वाटला. दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. बंद करा, दुसरा लावा.

सुरुवात कुठून करू?

हसायचं असेल तर कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (1983). रंगमंचावर महाभारत चाललंय आणि द्रौपदी म्हणून उभं आहे ते प्रेत, हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. पण एकाच खोलीत बसून नसीरुद्दीन शाह आणि सतीश कौशिक एकमेकांशी फोनवर बोलतात तो प्रसंग वेळेच्या नेमकेपणासाठी दोनदा पाहा. घाबरायचं असेल तर 'द थिंग'. एलेम क्लिमोव्हचा 'कम अँड सी' (1985) यादीत जरूर ठेवा, पण सुरुवातीला नको. युद्धाचा इतका अंगावर येणारा सिनेमा दुसरा नाही आणि नंतर आठवडाभर काही पाहावंसं वाटत नाही.

आणि ज्याला वाटतं की आपण सगळं पाहिलंय, त्याने जॉर्जी दनेलियाचा सोव्हिएत विज्ञानपट 'किन-झा-झा' (1986) लावावा. मॉस्कोच्या रस्त्यावरचे दोन अनोळखी पुरुष क्षणात एका वाळवंटी ग्रहावर जाऊन पडतात. तिथे विजारीच्या रंगावरून माणसाची पत ठरते, 'कू' एवढ्या एका शब्दात जवळपास सगळं बोलणं होतं, आणि सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे काडेपेटीतली काडी. दोन भाग मिळून सव्वादोन तास. सुरुवातीला बराच वेळ काही कळणार नाही, आवृत्ती चुकली असं समजून बदलायला जाऊ नका.